लवंगा किती होत्या

मेकनेस, १७ जानेवारी

तोरिया,

त्या सकाळी मी आधी पीठ मळलं. चार गोल पाव थापून फळीवर मांडले, वर ओलं फडकं टाकलं आणि फळी डोक्यावर घेऊन गल्लीच्या टोकाच्या भट्टीवर ठेवून आले. येताना नळावरून दोन बादल्या पाणी आणलं. माझा अल्लाल गच्चीच्या पायरीवर बसून चपलांचे तळ शिवत होता. आदल्या संध्याकाळी भिजत घातलेले नवरीला लावायच्या घासूलच्या मातीचे खडे परातीत फुटून लोण्यासारखे मऊ झाले होते. चुलीवर गुलाब, लवंग आणि डोंगरातला तो वासाचा पाला उकळत होता. मांजर परातीत पाय घालू बघत होती आणि तू तिला हाकलत होतीस. दुसऱ्या दिवशी तुझं लग्न होतं आणि तू मांजरीशी भांडत होतीस.

पुढचं तुला माहीत आहे. निदान थोडं माहीत आहे. ते आज लिहीत नाही.

आज एवढंच कळवायचं आहे की तुझी मुलगी माझ्याकडे आली होती.

मागच्या शुक्रवारी मी हमामात आतल्या गरम खोलीत बायकांची अंगं घासत होते. बाहेर पैसे घ्यायला बसणारी बटूल आत डोकावून ओरडली, "खद्दूज, एक पोरगी आलीय, तुझी भाची म्हणते! तुला भाची कधी झाली गं? खडकाला पालवी फुटली म्हणायची."

मी फुट्ट्याचा पंचा गुंडाळून बाहेर आले. दाराशी एक उंच मुलगी, मफलर गालांपर्यंत ओढलेला. डावा खांदा थोडा पुढे काढून उभी होती. तू तशीच उभी राहायचीस. मग नाव विचारायची गरज उरली नाही, तरी विचारलं.

"गिझलान," ती म्हणाली. "बाबांनी सांगितलं, बाब बरदाईन वेशीजवळच्या हमामात विचार. आईला सांगू नका, मावशी."

मी तुला सांगते आहे, कारण तुझ्यापासून लपवलेल्या गोष्टी माझ्याकडे आधीच पुरेशा आहेत.

ती इथे सुईणीचं शिक्षण घेते हे मला ठाऊक नव्हतं. सप्टेंबरपासून ती याच गावात आहे आणि मी रोज तिच्या हॉस्टेलच्या भिंतीजवळून भाजी आणायला जात होते. घरी नेलं. तिनं कुसकुस तीनदा घेतला. भोपळा बाजूला काढला, चणे आधी खाल्ले. तब्येत छान आहे, रंग तुझाच आहे. बाकी सगळं ठीक.

अल्लाल गेला तेव्हा तू बसवाल्याच्या हाती साखरेचे दोन सुळके पाठवलेस. चिठ्ठी नव्हती. एक आलेल्या लोकांच्या चहाला गेला. दुसरा निळ्या कागदात तसाच फळीवर आहे. तीन हिवाळे झाले.

हे अक्षर माझंच आहे. वाचायला मी आधीच शिकले होते, अत्तारवाला मसाले ज्या कागदात बांधून द्यायचा त्या कागदांवरून. लिहायला अल्लाल गेल्यावर शिकले. घरात लिहिणारं दुसरं कोणी उरलं नाही म्हणून.

गिझलानला शुक्रवारी येऊ देऊ का? नको असेल तर एक ओळ लिही. मी तिला दारातून परत पाठवीन. तिला कारण सांगणार नाही.

खद्दूज

मेकनेस, ५ फेब्रुवारी

तोरिया,

तुझी ओळ आली नाही. 'नको' आलं नाही याचा अर्थ मी माझ्या सोयीनं लावला. ती तीन शुक्रवार आली.

मागच्या पत्रात मी 'बाकी सगळं ठीक' असं लिहिलं. ते खरं नव्हतं. पहिल्याच दिवशी घरी येऊन तिनं मफलर काढला तेव्हा मी चहाची किटली हातात धरून तशीच उभी राहिले. दोन्ही गाल, हनुवटी, कपाळाची कड. काही फोड पिकलेले, काही आत दडलेले, दाबलं तर दुखणारे. मधली कातडी सोलल्यासारखी लाल आणि कोरडी.

"काय काय लावलंस?" मी विचारलं.

तिनं बोटांवर मोजायला सुरुवात केली. सकाळ-संध्याकाळ काळा साबण. मग लिंबू आणि मीठ. मग कलौंजीचं तेल. मग मध, त्यात दालचिनी. हॉस्टेलच्या मुलींनी रविवारी मेथ्या वाटून लावल्या, तो वास चार दिवस गेला नाही.

"लिंबू-मीठ कोणी सांगितलं?"

"फोनवर बघितलं."

"फोनला गाल असतात का गं?"

ती हसली. हसताना तोंडावर हात ठेवला. तोरिया, लाजून नव्हे, झाकायचं म्हणून. तिच्या वर्गातल्या मुली आता दवाखान्यात बाळंतिणींजवळ उभ्या राहतात. ही मागे उभी राहते. एका बाईनं तिला सांगितलं म्हणे, तुझं तोंड माझ्या लेकराजवळ आणू नकोस. सुईणीचं शिक्षण घेणाऱ्या मुलीला असं म्हणणारी बाई मूर्ख आहे, पण मूर्ख माणसाचं बोलणंही लागतंच.

मग ती म्हणाली, "एप्रिलच्या सुट्टीत घरी जायचंय. त्याआधी हे जायला हवं, मावशी."

"का? घरच्यांना काय त्याचं?"

"आई माझा चेहरा बघितला की खोलीतून उठून जाते."

मी किटली खाली ठेवली. तीच पुढे बोलत राहिली, मुली बोलतात तशी, सहज. "आईच्याही डाव्या गालावर खड्डे आहेत. तिला लहानपणी कांजिण्या आल्या होत्या ना. तुम्हाला आठवत असतील."

तोरिया, अम्मा गेली तेव्हा तू अकरा वर्षांची होतीस. तेव्हापासून तुझ्या लग्नापर्यंत तुझी वेणी मी घातली. तुझे दात पडले तेव्हा छपरावर मी फेकले. तुला कांजिण्या कधी आल्या?

मी तिला म्हटलं, "आठवतात."

मग तिचं लिंबू, तेल, मेथी सगळं बंद केलं. थोडी माती नुसत्या गुलाबपाण्यात कालवली, पातळ, आणि ब्रशनं लावतात तशी बोटानं लावली. वाळून तडकण्याआधी कोमट पाण्यानं धुतली. उशीचा अभ्रा दर दोन दिवसांनी बदलायला सांगितलं. तेवढंच.

खद्दूज

मेकनेस, २४ फेब्रुवारी

तोरिया,

'तेवढंच' लिहिलं, तेही पूर्ण खरं नव्हतं. मला पत्र लिहून झाल्यावर परत वाचायची सवय आहे आणि वाचताना मला माझ्या खोट्या ओळी दिसतात. बोलताना दिसत नाहीत. म्हणून बहुधा एवढी वर्षं मी बोलण्यावरच भागवलं.

त्या तीन शुक्रवारांपैकी दुसऱ्या शुक्रवारी मी तिला हमामात घेऊन गेले होते. बंद व्हायची वेळ होती, आत आम्ही दोघी आणि दोन म्हाताऱ्या. मी तिची पाठ घासली, हात घासले, पाय. तुला माहीत आहे, केस्सा हातात चढवला की माझा हात माझा राहत नाही. काळ्या साबणानं कातडी सैल झाली की खरखरीत हातमोज्याखाली मळाच्या राखाडी वळकट्या सुटायला लागतात. त्या सुटल्या की बायका खूश. आपल्याकडे पाण्यानं कोणी स्वच्छ होत नाही, वळकट्यांनी होतं. त्या निघाल्या नाहीत तर बाई पैसे देताना तोंड वाकडं करते.

बटूल दारातून म्हणाली, "घास, घास! खद्दूजच्या हाताखालून पोर नुसती न्हाऊन निघत नाही, नव्यानं जन्मून निघते."

आणि गिझलान म्हणाली, "मावशी, चेहराही करा ना."

मी नाही म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "हळूच करते."

हळूच केलं. तरीही केलं. हनुवटीवरून वळकटी निघाली तेव्हा सवयीनं तिला दाखवली, "बघ किती निघालं." ती खूश झाली. सोमवारी तिचा फोन आला. डोळ्याखालपर्यंत पसरलं होतं आणि पाणी सुटत होतं.

मंगळवारी मी सुट्टी घेऊन तिला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण बाई होती, तुझ्या लग्नात तू होतीस त्याहून फार मोठी नसेल. तिनं दिवा जवळ आणून पाहिलं आणि विचारलं, "हे घासलं कोणी?"

गिझलान लगेच म्हणाली, "मीच, डॉक्टर. मला सवय आहे. माझा हात राहत नाही."

तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. किती पटकन बोलली! जणू ते वाक्य तिच्याकडे तयारच होतं. ते वाक्य माझं होतं. ते मी एकदा तुझ्या माथी मारलं होतं, भरल्या घरात. आता तुझी मुलगी ते स्वतःहून उचलून डोक्यावर घेत होती, आणि तेही मला वाचवायला.

मी म्हटलं, "ती खोटं बोलते. मी घासलं."

"तुम्ही कोण?"

"मावशी. मी हमामात घासते. बत्तीस वर्षं."

डॉक्टरनं दिवा बंद केला. "बत्तीस वर्षं? मग हात कुठे थांबवायचा, ते मी सांगायचं का तुम्हाला?"

रागानं बोलली नाही. खरंच विचारलं. मी म्हटलं, "सांगा."

तिनं सांगितलं. फोडावर घासलं की आतली घाण शेजारी पसरते. चेहऱ्याला केस्सा नाही, काळा साबण नाही, लिंबू तर नाहीच. रात्री एक मलम, वाटाण्याएवढं. उन्हात टोपी. गिझलाननं भीत भीत विचारलं, मातीचं काय? डॉक्टर म्हणाली, माती आठवड्यातून एकदा चालेल, मऊ असेल तर, तिच्यात दुसरं काही नसेल तर. आणि धीर धरा, दोन महिने तरी लागतील, आधी थोडं वाढेलही.

मलमाच्या डबीतला कागद मी घरी तीनदा वाचला. बारीक अक्षर होतं. अल्लालचा चष्मा लावला.

बसमध्ये मी गिझलानला विचारलं, "तू का म्हणालीस, मीच म्हणून?"

"तुम्हाला कोणी रागावलेलं मला आवडलं नसतं."

"तुझी आई असं शिकवते का?"

"आई म्हणते, ज्याच्या हातचं जेवलो त्याला चारचौघांत खाली बघायला लावू नये."

पुढे बाब बरदाईन येईपर्यंत मी खिडकीबाहेर पाहत होते. तुला वाटेल मी रडले. नाही रडले. अल्लाल गेल्यापासून मला तसं एकदम रडू येत नाही. भिंतीत ओल असते तसं ते असतं, रोजचं.

खद्दूज

मेकनेस, १५ मार्च

तोरिया,

हे पत्र गिझलान तुझ्याकडे घेऊन येईल. तिला सांगितलं आहे, पाकीट उघडू नकोस. उघडणार नाही, ती तुझी मुलगी आहे. तिला एका शुक्रवारी मी हे सगळं तोंडानं सांगणार होते. मग वाटलं, आधी तुला सांगायला हवं. तो तुझा हक्क आहे.

हे वाचून तू तिला माझ्याकडे यायला बंदी घालू शकतेस. मी त्याचा विचार केला. चार रात्री केला. अल्लाल गेल्यावर या घरात शुक्रवारी दुसरं ताट मांडायला लागले ते तिच्यामुळे. ते परत एक होईल. होऊ दे. तिची सोबत मला मिळावी म्हणून तू गप्प राहून किंमत देत राहायचीस, हे बरोबर नाही.

तर ती सकाळ.

पीठ, भट्टी, पाणी, माती, मांजर. इथपर्यंत मी तुला लिहिलं होतं. त्यानंतरचं असं. नवरीच्या मातीत लवंगेचं पाणी घालतात, लवंग घालत नाहीत. पाला, गुलाब, लवंग उकळायचं, पाणी फडक्यातून गाळायचं, एकदा गाळून पुन्हा गाळायचं आणि ते गाळलेलं पाणी मातीत मळायचं. हे तुला मीच शिकवलं. गाळायचं काम अल्लालचं असायचं. तो डोक्याच्या फेट्याचं जुनं कापड दोन्ही हातांत ताणून धरायचा आणि मी ओतायची. सगळी गल्ली हसायची, नवरा-बायको मिळून पाणी गाळतात म्हणून. त्याला काही वाटायचं नाही.

त्या दिवशी मला आणखी वास हवा होता. तुझ्या सासरची माणसं उजदाहून येणार होती, मोठी माणसं, आणि आपल्याकडे द्यायला काय होतं? एक खोली आणि हमामातली बहीण. मला वाटलं, निदान नवरीचा वास असा सुटला पाहिजे की जिन्यात कळावं. म्हणून नेहमीपेक्षा कितीतरी जास्त लवंग घेतली, खलबत्त्यात कुटली, उकळली. आणि गाळली नाही.

अल्लाल फेट्याचं कापड घेऊन उठला. मी म्हटलं, "राहू दे, उशीर होतोय."

तो म्हणाला, "चेहऱ्याला लावायचंय ना? गाळू की. दोन मिनिटांचं काम."

मी म्हटलं, "तू चपला शिव. मातीतलं मला कळतं."

आणि सगळं तसंच परातीत ओतलं, कुटलेल्या लवंगेसकट, आणि मळलं. मळताना हाताला कचकच लागली. तोरिया, मला हाताला कळलं होतं. बत्तीस वर्षं या हातांवर जगले आहे, त्यांना कळत नाही असं मी म्हणूच शकत नाही.

दुपारी हमामात तुझ्या गालांवर आधीच पाच-सात फोड होते. लग्नाच्या मुलीला असतातच, झोप नसते. मला ते पुसून टाकायचे होते. तुझी सासू आणि तिच्या बहिणी समोरच्या ओट्यावर बसून बघत होत्या. मी केस्सा चढवला आणि तुझा चेहरा घासला, जोरात, आणि वळकट्या काढून त्यांना दाखवल्या. मग वर ती माती लावली. नेहमी मला लल्ला म्हणायचीस तशीच म्हणालीस, "लल्ला, भाजतंय." मी म्हटलं, "नवरीला भाजतंच." बायका हसल्या. त्या हसल्या म्हणून मला बरं वाटलं. तू तशीच माती वाळेपर्यंत बसून राहिलीस.

दुसऱ्या दिवशी तुझा चेहरा कसा होता ते मी तुला लिहायची गरज नाही. तुझ्या सासूनं तोंडावरचा पडदा उचलला आणि म्हणाली, "अरे देवा, हे काय आणलंत?" सगळं घर गप्प झालं. ढोलवाल्या बायकासुद्धा थांबल्या. आणि तेव्हा मी बोलले, सगळ्यांना ऐकू जाईल असं: "कितीदा सांगितलं हिला, तोंडाला हात लावू नकोस. रात्रभर फोडत बसली. हिचा हात राहत नाही."

तू माझ्याकडे पाहिलंस. मला वाटलं तू बोलशील. तू बोलली नाहीस. तू हात मांडीवर ठेवलेस, मेंदी लावलेले, आणि ते तिथेच ठेवून बसलीस, जणू खरंच तेच दोषी होते. मला ते हात अजून दिसतात. चेहरा इतका दिसत नाही.

त्या दिवसापासून तुझं नाव काय पडलं ते मला दोन वर्षांनी कळलं. 'ओरबाडलेली नवरी.' तुझा मैमून चांगला माणूस निघाला म्हणून, नाहीतर काय झालं असतं, याचा मी विचार करत असते.

अल्लालला सगळं माहीत होतं. त्यानं मला त्या दिवशी एक शब्द विचारला नाही. आठवड्यानं म्हणाला, "तू सांग, मी लिहितो. तिला पत्र टाकू." मी म्हटलं, लिहायचं काही नाही. दर वर्षी ईदच्या आधी एकदा विचारायचा. एकदाच. मग पुन्हा वर्षभर नाही. शेवटच्या आजारात बोलायला त्रास होत होता, तरी त्यानं हवेत बोटानं लिहिल्यासारखं केलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "झोप आता."

आता ते मी लिहिलं आहे. तुझा हात नव्हता. तुझ्या हातानं काहीच केलं नव्हतं. माती माझी होती, केस्सा माझा होता, बोलणं माझं होतं. क्षमा मागते. मिळावी म्हणून लिहिलं असं नाही. मागायची राहिली होती.

गिझलानचा चेहरा बरा आहे. नवे फोड कमी येतात. कपाळ जवळजवळ मोकळं झालं आहे, हनुवटीवर डाग आहेत, डॉक्टर म्हणते तेही जातील. रोज उठून आरशात बघत नाही आता. कधीकधी बघते. परवा एका बाळंतिणीजवळ पुढे जाऊन उभी राहिली, हे तिनं मला तीनदा सांगितलं.

तिचं तोंड बघून उठून जाऊ नकोस, तोरिया. एवढं माझ्यासाठी नाही, तिच्यासाठी.

खद्दूज

मेकनेस, १२ एप्रिल

तोरिया,

ती काल परत आली. मी गच्चीवर होते. शेजारणीनं कडू संत्र्याची फुलं आणली होती आणि आम्ही दोघी चादरीवर ती निवडत बसलो होतो, काड्या वेगळ्या, फुलं वेगळी. उद्यापासून त्यांचं पाणी काढणार. जिन्यात पावलं वाजली. मी ओळखली. तरी उठले नाही. शेजारीण म्हणाली, "अगं, भाची आलीय ना? बसून काय राहिलीस दगडासारखी?" मी फुलं निवडत राहिले.

गिझलाननं बॅग ठेवली, फुलांत बसली आणि चार फुलं तोंडात टाकली, लहान मुलासारखी. मी विचारलं, "आई कशी आहे?"

"बरी आहे. तुमचं पत्र वाचलं."

"मग?"

"वाचून पाकिटात ठेवलं आणि पाकीट ओढणीत. भांडी घासली. दोन दिवस बोलली नाही कोणाशी. बाबा घाबरले. बाबांनी मला विचारलं, मी काय आणलं ते."

"मग?"

"तिसऱ्या दिवशी मी न्हाऊन बाहेर आले. आई बसली होती. मला वाटलं उठेल आता. उठली नाही. माझी हनुवटी धरली आणि मला खिडकीशी नेलं, उजेडात. खूप वेळ बघत राहिली. मग माझा हात घेतला आणि तिच्या गालावर ठेवला. त्या खड्ड्यांवर."

शेजारीण फुलं निवडायची थांबली होती. मी तिला म्हटलं, तुझी फुलं सुकतायत. ती खाली गेली.

"आणि बस सुटताना," गिझलान म्हणाली, "आई खिडकीशी धावत आली. म्हणाली, मावशीला विचार, लवंगा किती होत्या. मी म्हटलं, म्हणजे काय? म्हणाली, तू फक्त विचार, तिला कळेल. आणि म्हणाली, तिला सांग, मला माती पाठव. थोडी. न गाळलेली असेल तर म्हणावं तूच लाव."

ते शेवटचं तिनं तुझ्याच सुरात म्हटलं. नाक वर करून. एकवीस वर्षांनी मी तुझा आवाज ऐकला, तोरिया, आणि तो मला टोमणा मारत होता. मला हसू आलं. मग गिझलानलाही आलं, तिला कशाचं ते कळत नव्हतं तरी. मग मी तिला सगळं सांगितलं, पीठ आणि मांजरीपासून. ती ऐकत होती आणि फुलांच्या काड्या काढत होती. शेवटी तिनं फक्त विचारलं, "म्हणजे कांजिण्या नव्हत्याच?" मी म्हटलं, "नव्हत्या." ती काड्या बाजूला सारत म्हणाली, "आई चांगलं खोटं बोलते." मी म्हटलं, "ती माझ्यापेक्षा चांगलं बोलली. माझ्या खोट्याची किंमत तुझ्या आईनं भरली. तिच्या खोट्याची झळ कोणालाच लागली नाही."

मग आम्ही चहा केला. निळा कागद उघडला आणि तो सुळका फोडला. तीन वर्षांत दगड झाला होता, हातोडी लागली.

तू विचारलंस त्याचं उत्तर. पाच घालतात. मी भरलेली मूठ घातली होती. मोजल्या नव्हत्या. तू विचारलंस म्हणून आज सकाळी एक मूठ घेऊन मोजली. एकशे बारा निघाल्या. तेव्हा हात तरुण होता, थोड्या जास्तही असतील.

गिझलाननं तुझा निरोप सांगितला ती कालची संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी, म्हणजे आज, मी मातीचे खडे भिजत घातले, अल्लालच्या फेट्याचं कापड पेटीतून काढलं, त्याची दोन टोकं गिझलानच्या हातात दिली आणि नुसतं गुलाबाचं पाणी, लवंगेशिवाय, दोनदा गाळलं.

खद्दूज